एकाच दोन झाडांना दोन झोळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरामागे रायवळ आंब्याची दोन जुनी झाडे आहेत. दोघांमध्ये सोळा फुटांचे अंतर आहे, बुंधे दीड दीड फूट जाड आहेत आणि पहिली फांदी डोक्याच्या बरीच वर फुटते, त्यामुळे वर्षानुवर्षे मे महिन्यात आमची एकुलती एक झोळी, म्हणजे ज्याला हल्ली सगळे हॅमॉक म्हणतात ती, त्याच झाडांना टांगलेली असे. थोरली बहीण पुण्याहून आली की आम्ही आळीपाळीने तिच्यात आडवे होत असू; एकजण झोळीत आणि दुसरा शेजारी खुर्चीत. एका वर्षी तिने येताना दुसरी झोळी आणली. मी ती जुन्या झोळीच्याच दोरांना, त्याच गाठींच्या जागी अडकवली. आम्ही दोघे आडवे झालो आणि क्षणात खांद्याला खांदा व डोक्याला डोके आपटून मध्यभागी एकमेकांवर कलंडलो. दोन झोळ्यांचा उपयोग एका झोळीइतकाही होईना. त्यानंतर अनेक सुट्ट्यांमध्ये बांधून, सोडून, पुन्हा बांधून जे हाती लागले, ते आज आपल्याला सांगायचे आहे.

मूळ कारण साधे आहे. झोळी नेहमी आपल्या दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या बरोबर खाली लोंबते. आपण तिला कितीही बाजूला ओढून ठेवले, तरी वजन पडताच ती त्या रेषेखाली परत येते. दोन झोळ्यांची टोके एकाच जागी बांधली, तर दोघींची रेषा एकच होते आणि दोघी एकाच जागेवर हक्क सांगतात. म्हणून झोळ्या एकमेकींपासून दूर ठेवायच्या असतील, तर मधल्या कापडाशी झटून काही होत नाही. दोन्हीकडची टोकेच दूर करावी लागतात, आणि तीही दोन्हीकडे सारख्या अंतराने.

जुन्या जहाजांवर हे नेमके केलेले असे. झोळीत झोपण्याची रीत युरोपला कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून मिळाली, हॅमॉक हा शब्दही त्यांच्याच भाषेतून स्पॅनिशमार्गे आला, आणि पुढे युरोपीय नौदलांनी ती उचलली. ब्रिटिश युद्धनौकांवर एका खलाशाच्या झोळीला १४ इंच रुंदीची जागा ठरलेली होती, म्हणजे आपल्या दीड वितीहून थोडी जास्त. निम्मे खलाशी पहाऱ्यावर असत, तेव्हा शेजारची जागा रिकामी होऊन ती दुप्पट होई. एवढ्या दाटीतही झोप लागे, कारण प्रत्येक झोळीचे आकडे छताच्या तुळयांना स्वतंत्र ठोकलेले असत आणि जहाज कलले की सगळ्या झोळ्या एकाच दिशेने, एकाच लयीत झुलत. आपल्या परसात मात्र तुळई नसते, दोन बुंधे असतात, आणि दोन माणसे कधीच एका लयीत झुलत नाहीत.

टोके दूर कशी करायची, याकडे येण्याआधी झाडांविषयी बोलले पाहिजे, कारण दोन झोळ्यांचा सगळा भार शेवटी त्यांच्यावरच असतो आणि तो आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ जास्त असतो. झोळीचा दोर जमिनीला समांतर रेषेपासून तीस अंशांनी खाली उतरत असेल, तर सत्तर किलोचा माणूस झोपल्यावर प्रत्येक दोरावर सत्तर किलोचीच ओढ येते. तोच दोर ताठ बांधून फक्त दहा अंश उतरता ठेवला, तर ही ओढ दोनशे किलोंच्या वर जाते. आता सत्तर आणि साठ किलोंची दोन माणसे धरा. तीस अंशांवर प्रत्येक झाडाला आतल्या बाजूला सुमारे ११३ किलोची आडवी ओढ बसते. दहा अंशांवर तीच साडेतीनशे किलोंच्याही पुढे जाते. झोळी सपाट व्हावी म्हणून दोर ताणून बांधण्याची आपली सवय एका झोळीत खपून जाते, दोन झोळ्यांत झाडाला आणि दोरांना महागात पडते. अंश मोजायला साधन लागत नाही. बुंध्यापासून झोळीच्या टोकापर्यंत दोर चार फूट लांब असेल, तर त्या चार फुटांत तो दोन फूट खाली आला पाहिजे. लांबीच्या निम्मा उतार म्हणजेच तीस अंश. आमच्या सोळा फुटांच्या अंतरात त्यासाठी पट्टा साधारण सहा फूट उंचीवर बांधावा लागतो, आणि झोळीचा मधला भाग वजन पडल्यावर खुर्चीच्या बैठकीइतका वर राहतो. त्याहून उंच टांगू नये. पडलो तर दीड फुटावरून पडावे, चार फुटांवरून नव्हे.

झाड कोणते घ्यावे, यात कोकणात राहणाऱ्याला निवड भरपूर आणि फसगतही भरपूर. पोफळीचा विचारच करू नका. तिचे सडपातळ खोड शेंड्याला पेलण्यासाठी असते, कमरेत ओढण्यासाठी नव्हे. शेवगा दिसायला जाड दिसला तरी लाकूड ठिसूळ. माड भक्कम खरा, पण त्याखाली झोपणाऱ्याच्या अंगावर नारळ किंवा वाळलेली झावळी पडण्याचा धोका कायम असतो, आणि सोंड्या भुंग्याने आतून पोखरलेला माड बाहेरून धडधाकट दिसू शकतो. माडाविषयी आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आंबा, फणस यांच्या सालीखाली वाढणारा थर असतो, त्यामुळे लहानसहान जखम हळूहळू भरून येते. माडाच्या खोडात तो थरच नसतो, म्हणून दोराने पडलेली खाच त्याच्या अंगावर जन्मभर राहते. समुद्रकिनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात पर्यटक हटकून झोळ्या बांधतात. तिथे जुने, मांडीहून जाड खोड मिळाले तर ठीक, पण वाळूत उभ्या असलेल्या कोवळ्या सुरूला दोन माणसांची ओढ देणे मला पटत नाही. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व उत्तर रत्नागिरीत जी झाडे आडवी केली नाहीत, पण मुळांसकट हलवून ठेवली, ती आजही पुष्कळ ठिकाणी तिरकी उभी आहेत. अशा झाडाला, किंवा ज्याच्या मुळाशी माती भेगाळली आहे, अळंबी उगवली आहेत, बुंध्यावर भिरूड लागल्याचा भुसा दिसतो आहे, त्या झाडाला एकही झोळी बांधू नये. बांधण्यापूर्वी वर पाहावे. वाळकी फांदी अडकलेली असेल, तर आधी ती उतरवावी.

बांधण्यासाठी सुंभ किंवा बारीक नायलॉनची दोरी नको. बारीक दोरी सालीत रुतते, आणि झाडाचे अन्न वाहून नेणारा थर त्या सालीच्या आतच असतो. नायलॉन शिवाय भिजले की ताणते, आणि सकाळी दीड फुटावर असलेली झोळी संध्याकाळी जमिनीला टेकते. पॉलिस्टरचा दोन इंच रुंद पट्टा घ्यावा आणि शक्य तर खाली गोणपाटाची घडी ठेवावी. प्रत्येक झोळीला तिचे स्वतःचे दोन पट्टे हवेत. एकीचा दोर दुसरीच्या दोरात अडकवला, तर एक गाठ सुटताच दोघेही खाली येतात.

आता टोके दूर करण्याविषयी. बुंधा आमच्या आंब्यांसारखा जाड असेल, तर एका झोळीचे पट्टे दोन्ही झाडांच्या डाव्या अंगाने आणि दुसरीचे उजव्या अंगाने काढावेत. पट्टा नुसता फास घालून ओढला तर तो घसरत पुढे, मधोमध येतो. बुंध्याला दोन पूर्ण वेढे देऊन मग बाजूने बाहेर काढला, तर जागा धरून राहतो. दीड फुटांच्या बुंध्याने दीड फुटांचे अंतर मिळते, आणि तेवढ्यात झोळ्या एकमेकींवर चढत नसल्या तरी चाटून जातात. म्हणून एक झोळी दुसरीपेक्षा फूटभर खाली बांधावी, उतार मात्र दोघींचा तोच ठेवावा. खालचीत मोठ्या माणसाने आणि वरचीत चपळ माणसाने झोपावे, असे आमच्या घरी ठरून गेले आहे.

बुंधे बारीक असले, तर आडव्या बांबूची युक्ती करावी लागते. भरीव माणगा बांबूचे तीन तीन फुटांचे दोन तुकडे घ्यायचे आणि दोन्हीकडे, झोळ्या जिथे सुरू होतात तिथे, दोन्ही दोरांच्या मध्ये आडवे बसवायचे. झाडापासून निघालेले दोन दोर बांबूपर्यंत फाकत जातात आणि तिथून पुढे झोळ्या समांतर धावतात. बांबूवर दोन्हीकडून आत दाबणारा जोर पंचवीस किलोंच्या आसपास असतो, तेवढा तो सहज सोसतो. त्याच्या टोकांना खाच करून दोर तिथेच काथ्याने घट्ट जखडला पाहिजे, कारण निसटलेला बांबू सरळ डोक्यावर येतो.

या मांडणीचा एक स्वभाव आधीच ठाऊक हवा. दोघे झोळीत असतात तोवर दोन्ही बाजू एकमेकींना तोलून धरतात. एकजण उठला की तोल संपतो, बांबू सरकतो, आणि उरलेल्या माणसाची झोळी झटक्याने मधल्या रेषेखाली येते, दीडेक फूट. झोपेत असलेला माणूस याने दचकतो. हातात चहाचा कप असेल तर भाजतोही. म्हणून उठणाऱ्याने आधी सांगावे, मग दोन्ही पाय जमिनीवर टेकून भार हळूहळू काढावा. बसतानाही तसेच. नुसते बुंध्यांना बांधलेल्या झोळ्यांतही झाडे किंचित वाकत असल्यामुळे दुसरा बसताच पहिला थोडा खाली जातो, पण तो धक्का सौम्य असतो. लहान मुलांना म्हणूनच मी बांबूच्या मांडणीत एकटे बसू देत नाही.

शेवटी झोपायचे कसे, ते. झोळीत सरळ लांबीत पडले की पाठीचा कमान होतो. थोडे तिरपे पडले की कापड सपाट होते. दोन झोळ्यांत दोघांनीही पाय आपापल्या उजवीकडे, किंवा दोघांनीही आपापल्या डावीकडे टाकावेत, म्हणजे दोन्ही शरीरे समांतर राहतात आणि गुडघे भिडत नाहीत. दोघांची डोकी एकाच झाडाकडे ठेवू नयेत. एकाचे डोके पूर्वेच्या झाडाकडे आणि दुसऱ्याचे पश्चिमेच्या झाडाकडे असले, तर खांद्यासमोर खांदा न येता पाय येतात आणि जागा पुष्कळ वाढते. त्याहून मोठा लाभ असा, की मान न वळवता समोरच्याचा चेहरा दिसतो. शेजारी शेजारी एकाच दिशेला झोपलेली दोन माणसे आभाळाकडे पाहून बोलतात. बहिणीशी माझे सगळ्यांत लांबलेले बोलणे, वडिलांच्या शेवटच्या वर्षाविषयीचे, असे उलटसुलट झोपलेले असतानाच झाले. कदाचित एरवी ते झालेच नसते.

मृगाचे नक्षत्र लागण्याआधी आम्ही सगळे उतरवतो. पट्टे धुऊन वाळवतो, काथ्या टाकून देतो, बांबू पडवीत आडोशाला ठेवतो, आणि ज्या जागी पट्टे होते तिथल्या सालीवरून हात फिरवून पाहतो. दिवाळीला पुन्हा बांधताना पट्टे मागच्या जागेपासून हातभर अंतर सोडून, वर किंवा खाली बांधतो आणि उतार नव्याने जुळवून घेतो, म्हणजे त्याच सालीवर सलग दुसऱ्या वर्षी भार पडत नाही.