‘एके दिवशी’च्या अलीकडचा काळ: फ्रेंचमधील अँपार्फे

श्रावणात आपल्याकडे ज्या कहाण्या वाचल्या जातात, त्यांची सुरुवात आपल्या कानांत पक्की बसलेली असते. ‘आटपाट नगर होतं. तिथं एक ब्राह्मण राहत असे. तो रोज भिक्षा मागे, देवाची पूजा करी.’ मग सांगणारी क्षणभर थांबते, आवाज किंचित बदलते आणि विचारते, ‘एके दिवशी काय झालं?’ मला आज ज्या फ्रेंच काळाविषयी बोलायचे आहे, तो अँपार्फे, या ‘एके दिवशी’च्या अलीकडचा सगळा प्रदेश व्यापतो. नगर होते, ब्राह्मण राहत असे, पूजा करी, या तिन्ही ठिकाणी फ्रेंच माणूस हा एकच काळ वापरील आणि ‘काय झालं’ म्हणताच काळ बदलील. फ्रेंच परीकथांची ठरलेली सुरुवात ‘इल एते त्युन फ्वा’ अशी आहे. तिचा भाव आपल्या ‘एक होता राजा’सारखाच, आणि तिच्यातले ‘एते’ हे अँपार्फेचेच रूप आहे.

मराठी माणसाने हा काळ इंग्रजीच्या वाटेने शिकू नये, हे मला आज आग्रहाने सांगायचे आहे. इंग्रजीत ‘लिव्ड’ या एका रूपाने ‘तो राहिला’ हेही सांगता येते आणि ‘तो राहत असे’ हेही. त्यामुळे इंग्रजीतून फ्रेंचकडे जाणाऱ्याला प्रत्येक वाक्यापाशी थांबून नियम आठवावे लागतात. आपल्याला शाळेत रीतिभूतकाळ आणि अपूर्ण भूतकाळ शिकवला गेला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शाळेत जाण्याआधीच आपण ते दोन्ही बोलत होतो. ही शिदोरी गाठीला असताना आपण दुसऱ्याच्या दारात का उभे राहतो, याचे मला वर्गात पुन्हा पुन्हा वाईट वाटते.

आधी रूपसिद्धी पाहू. फ्रेंच क्रियापदे वर्तमानकाळात पुष्कळ छळतात, पण अँपार्फेच्या बाबतीत ती विलक्षण शिस्तीने वागतात. वर्तमानकाळातले ‘नु’चे, म्हणजे ‘आम्ही’चे रूप घ्यायचे, त्याच्या शेवटचा ‘ओं’ काढायचा आणि उरलेल्या अंगाला प्रत्यय लावायचे. ‘ब्वार’, म्हणजे पिणे, हे क्रियापद पाहा. ‘मी पितो’ हे ‘ज ब्वा’, ‘ते पितात’ हे ‘इल ब्वाव्ह’, पण ‘आम्ही पितो’ हे ‘नु ब्युव्हों’. ‘ब्वा’ आणि ‘ब्वाव्ह’ आपण बाजूला ठेवतो, ‘ब्युव्हों’मधून ‘ब्युव्ह’ हे अंग काढतो आणि ‘ज ब्युव्हे’, ‘मी पीत असे’, हे रूप तयार होते. याच रीतीने ‘फिनिर’चे ‘फिनिसों’वरून ‘फिनिसे’, ‘प्रांद्र’चे ‘प्रनों’वरून ‘प्रने’ आणि ‘फेर’चे ‘फझों’वरून ‘फझे’ होते. अपवाद एकच: ‘एत्र’, म्हणजे असणे. त्याचेही कारण सरळ आहे. या क्रियापदाचे ‘आम्ही’चे रूप ‘नु सोम’ असल्यामुळे त्याच्या शेवटी काढायला ‘ओं’च नाही. म्हणून ‘एत’ हे अंग वेगळे लक्षात ठेवावे लागते. ज्यांना ‘आम्ही’चे रूपच नाही अशी ‘पाऊस पडणे’सारखी क्रियापदे फक्त तृतीयपुरुषी एकवचनात चालतात, ‘इल प्लव्हे’, आणि त्यांची रूपे तशीच पाठ करावीत.

लेखनात दोन जागी सावध राहावे. (अक्षरांची नावे मी इथे इंग्रजीप्रमाणे देतो.) ‘मांजे’, म्हणजे खाणे, याच्या ‘ज मांजे’ या अँपार्फेच्या रूपात ‘जी’ या अक्षरानंतर एक मुका ‘ई’ राखावा लागतो, कारण फ्रेंचमध्ये ‘ए’ या अक्षराआधीच्या ‘जी’चा उच्चार ‘ग’ होतो. ‘नु मांजियों’मध्ये मात्र तो मुका ‘ई’ नको. ‘एत्युदिए’, म्हणजे अभ्यास करणे, याच्या ‘आम्ही’च्या रूपात ‘आय’ हे अक्षर दोनदा लिहिले जाते: एक अंगाचा, दुसरा प्रत्ययाचा. दुसरा ‘आय’ गाळला तर लिहिलेले वाक्य वर्तमानकाळाचे होऊन बसते.

प्रत्ययांपाशी मला थोडे रेंगाळायचे आहे. मी, तू, तो आणि ते या चारही पुरुषांची रूपे कानाला एकसारखी लागतात: ‘ज शांते’, ‘त्यु शांते’, ‘इल शांते’, आणि अनेकवचनी पुन्हा ‘इल शांते’. कागदावर मात्र पहिल्या दोहोंच्या शेवटी ‘एआयएस’, तिसऱ्याच्या ‘एआयटी’ आणि चौथ्याच्या ‘एआयईएनटी’ अशी अक्षरे येतात. वेगळी ऐकू येतात ती फक्त आम्ही आणि तुम्ही यांची रूपे, ‘शांतियों’ आणि ‘शांतिए’. हा ‘एआय’ फार जुना नाही. लॅटिनमधले या काळाचे प्रत्यय शतकानुशतके झिजत गेले, त्यांतला ‘ब’ नाहीसा झाला आणि फ्रेंचमध्ये हे प्रत्यय दीर्घकाळ ‘ओआय’ असे लिहिले जात होते. उच्चार मराठी ‘ए’कडे सरकला तरी लेखन जागचे हलेना. अठराव्या शतकात विचारवंत व्होल्तेरने ‘एआय’ लेखनाचा हिरिरीने पुरस्कार केला, पण फ्रेंच अकादमीने ते आपल्या शब्दकोशात स्वीकारले ते १८३५ मध्ये. ‘फ्रांसे’, म्हणजे फ्रेंच, हा शब्दही तोवर ‘ओआय’ने लिहिला जाई, ‘फ्रांस्वा’ या नावात ते जुने लेखन आणि जुन्या उच्चाराची खूण आजही जिवंत आहे. जुने फ्रेंच पुस्तक हाती आले आणि क्रियापदांच्या शेवटी ‘ओआयटी’ दिसले, तर ती छपाईची चूक समजू नये.

आता उपयोगाकडे वळू. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले होते, ‘इयेर, जाले ओ मार्शे ए जाश्ते दे मांग.’ तिला म्हणायचे होते, ‘काल मी बाजारात गेले आणि आंबे घेतले.’ फ्रेंच वाचकाला मात्र ऐकू आले, ‘काल मी बाजारात जात होते आणि आंबे घेत होते...’, आणि तो पुढचे ऐकायला थांबून राहिला. मग? कोणी भेटले का? पाऊस आला का? मी तिला व्याकरणाचा एकही शब्द न सांगता तिचेच वाक्य मराठीत असे वाचून दाखवले, आणि तिने लगेच स्वतःहून ‘गेले’, ‘घेतले’साठी पासे कोंपोझे, म्हणजे साहाय्यक क्रियापद घेणारा दुसरा भूतकाळ, वापरला. घडून गेलेली, हातावेगळी झालेली गोष्ट पासे कोंपोझेची. आतून पाहिलेली, अजून चालू असलेली अवस्था अँपार्फेची.

पुष्कळांचा असा समज असतो की क्रिया दीर्घकाळ चालली म्हणजे अँपार्फे वापरायचा. लुई चौदावा १६४३ मध्ये गादीवर बसला आणि १७१५ मध्ये वारला. त्याने ७२ वर्षे राज्य केले, आणि तरीही फ्रेंच म्हणतात ‘लुई कातोर्झ आ रेन्ये स्वासांत-दूझ आं’, म्हणजे पासे कोंपोझे. वर्षे मोजून झाली, हिशेब बंद झाला. उलट १६७३ मध्ये नाटककार मोलिएर वारला तेव्हा लुई चौदावा राज्य करत होता, हे सांगताना ‘रेन्ये’ हे अँपार्फेचे रूप येते. मराठीत ‘राज्य केले’ आणि ‘राज्य करत होता’ असे म्हणून पाहा. हा निवाडा आपल्या जिभेने कधीच केलेला आहे.

जाणणे, असणे अशा क्रियापदांत तर मराठीची साथ थक्क करणारी आहे. ‘ज साव्हे’ म्हणजे ‘मला माहीत होते’, पण ‘जे स्यु’ म्हणजे ‘मला कळले’. ‘इल याव्हे’ म्हणजे ‘तिथे होते’, पण अपघाताविषयी ‘इल या यु’ म्हटले की ‘अपघात झाला’. होता आणि झाला हा भेद ज्या भाषेत मुलाला बोलता येऊ लागताच कळतो, त्या भाषेच्या माणसाने ‘आव्हे’ आणि ‘आ यु’ यांच्यात अडखळावे, असे काहीच कारण नाही. शिवाय मराठी हा सांधा वाक्याच्या बांधणीतच दाखवते. ‘मुलीने आंबा खाल्ला’ म्हणताना क्रियापद आंब्याच्या मागे जाते, ‘मुलगी आंबा खायची’ म्हणताना ते मुलीकडे परतते. फ्रेंचमध्ये अशा साध्या वाक्यात असे काही घडत नाही. तिथे साहाय्यक क्रियापद आले की नाही, एवढ्यावरूनच ओळखावे लागते.

अर्थात मराठीचा हात सगळीकडे पुरत नाही. ‘वेळ असता तर आलो असतो’ यासाठी आपल्याकडे संकेतार्थाचे स्वतंत्र रूप आहे. फ्रेंच मात्र ‘सि’, म्हणजे ‘जर’, यानंतर साधा अँपार्फेच ठेवतात, ‘सि जाव्हे ल तां’. ‘मी आलो असतो’ या अर्धवाक्यातल्या ‘ज व्ह्यँद्रे’ या रूपालाही प्रत्यय अँपार्फेचेच असल्यामुळे नवशिका गोंधळतो आणि ‘सि’नंतरही तेच रूप वापरतो. तसे कधीही करू नये. दुसरी जागा वर्तमानपत्रांतली. पुण्यतिथीच्या लेखात व्हिक्तोर ह्युगो यांच्याविषयी, २२ मे १८८५ रोजी ते ‘मुरे’, असे अँपार्फेत लिहिलेले आढळते. त्याचे शब्दशः मराठी केले तर ‘मरत होते’ होईल आणि ते वाचले की काय, अशी शंका येईल. तिथे लेखक एक निश्चित, तारखेची घटना मुद्दाम संथ करून, चित्रासारखी डोळ्यांपुढे धरत असतो. हा प्रयोग वाचताना ओळखावा. सुरुवातीच्या वर्षांत स्वतः करू नये.

आणि जिथे मराठी अगदी अनपेक्षितपणे सोबत करते, अशी एक जागा सांगतो. परक्या माणसापाशी जाऊन आपण ‘मला विचारायचे आहे’ असे सहसा म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘जरा विचारायचं होतं.’ विचारायचे आत्ताच आहे, तरी ‘होतं’ म्हटल्याने आर्जव येते आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. पॅरिसमध्ये पत्ता विचारायची वेळ आली तर हेच वाक्य मनात आणा आणि ‘ज व्हुले व्हु दमांदे...’ अशी सुरुवात करा. ‘व्हुले’ हे अँपार्फेचे रूप आहे, आणि तुमचे ‘विचारायचं होतं’ समोरच्या माणसाला नेमके तसेच ऐकू जाईल.