चिंचेने तांब्या का चमकतो? अणू, बंध आणि अ‍ॅसिड एकाच भांड्यात

नमस्कार मंडळी! हा बघा आमच्या घरचा तांब्या. म्हणजे तांब्याचाच तांब्या, स्टीलचा नाही. जरा जवळून दाखवतो, काळपट चॉकलेटी झालाय ना? आता ही भिजवलेली चिंच, अर्ध्याच भागावर चोळतोय... थांबा हं... हे बघा! खालून गुलाबी निघाला. घरी सगळ्यांनीच बघितलंय हे, पण नेमकं होतं काय? त्यासाठी आधी थोडं आत शिरावं लागेल.

तांबं म्हणजे अणूंचा ढीग. एक मिलिमीटर लांबीत ओळीने साधारण 39 लाख अणू बसतात, इतके बारीक. प्रत्येकाच्या मध्यभागी 29 प्रोटॉन, आणि भोवती 29 इलेक्ट्रॉन, कक्षांमध्ये 2, 8, 18 आणि शेवटी फक्त 1. (शाळेत 2, 8, 8 पाठ केलेल्यांनो, तिसऱ्या कक्षेत 18 पर्यंत बसतात, गोंधळू नका.) तर हा जो बाहेरचा एकटा आहे ना, तो आपल्या अणूपाशी टिकून राहत नाही, सगळ्या अणूंचे असले सुटे इलेक्ट्रॉन मिळून अख्ख्या तुकड्यात मोकाट फिरत असतात. ह्यालाच म्हणायचं धातूबंध. तांब्यातून वीज जाते ती ह्यांच्यामुळे, आणि चमक पण ह्यांचीच.

मग काळं कुठून आलं? हवेतला ऑक्सिजन. त्याच्याकडे 8 इलेक्ट्रॉन, 2 आत आणि 6 बाहेर, म्हणजे बाहेरच्या कक्षेत आठ व्हायला दोन कमी. तो तांब्याकडून दोन घेतो, तांबं बाहेरचा एक देतं आणि आतल्या कक्षेतला एक. एकाकडे जास्त झाले, एकाकडे कमी, एक ऋण एक धन, चिकटले एकमेकांना. हा बऱ्यापैकी आयनिक बंध, आणि काळा थर म्हणजे कॉपर ऑक्साइड. इथे इलेक्ट्रॉन मोकाट नाहीत, म्हणून धातूची ती चमकही नाही.

आता चिंच. चिंचेत टार्टारिक अ‍ॅसिड असतं, आणि अ‍ॅसिड म्हणजे काय, तर जो पाण्यात हायड्रोजन सोडून देतो तो, पण सोडताना त्याचा इलेक्ट्रॉन स्वतःकडेच ठेवून घेतो! हायड्रोजनकडे होता एकच प्रोटॉन आणि एकच इलेक्ट्रॉन, त्यातला इलेक्ट्रॉन गेला म्हणजे राहिला नुसता उघडा प्रोटॉन. असा प्रोटॉन एकटा राहूच शकत नाही, मिळेल त्याला चिकटतो, आणि ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनवर दोन-दोन जण जाऊन बसले की झालं पाणी. (पाण्यातला बंध तिसऱ्या प्रकारचा, इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले, सहसंयुज.) ऑक्सिजन पाणी होऊन गेला, सुटं पडलेलं तांबं चिंचेच्या पाण्यात विरघळलं, काळा थर गेला.

मग अ‍ॅसिड खालचं तांबं का खात नाही? कारण तांब्याचा इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची त्या प्रोटॉनची ताकद नाही. जस्त असतं तर लगेच हायड्रोजनचे बुडबुडे आले असते. तांब्याला काही होत नाही.

म्हणजे, लगेच होत नाही. मी एकदा शहाणपणा करून तांब्यात चिंचेचं पाणी भरून रात्रभर ठेवलं, म्हटलं आतून आपोआप साफ होईल. सकाळी पाणी निळसर हिरवं! आजी म्हणाली, "अरे, कळकलं ना ते! ओत मोरीत, तोंडाला लावू नकोस." तिचं बरोबर होतं. अ‍ॅसिडच्या जोडीला हवेतला ऑक्सिजन मिळाला की इलेक्ट्रॉन ओढायचं काम तो करतो, आणि तांबं हळूहळू पाण्यात उतरतं. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात आमटी किंवा ताक कळकतं ते ह्याच कारणाने, पितळेतही तांबंच ना शेवटी. म्हणून घासून झाल्यावर लगेच धुवायचं आणि कोरडं पुसायचं.

आणि कल्हई आली म्हणून सांगतो. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, भसकन पांढरा धूर निघतो, आठवतंय? नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड, तापलं की त्याचे होतात अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड, आणि हा दुसरा पुन्हा अ‍ॅसिडच! चिंचेचंच काम, फक्त गरम भांड्यावर आणि क्षणात. ऑक्साइड गेल्याशिवाय कथील तांब्याला धरतच नाही, म्हणून आधी नवसागर, मग कथलाचा तुकडा फिरवायचा, तो 232 अंशाला वितळतो, आणि वरून कापूस फिरवला की आतून रुपेरी.

चला, माझा अर्धा तांब्या राहिलाय अजून, आणि चिंच संपत आलीये. आता लिंबू-मीठ लावून बघतो.