लातूरची तलवार

मंडळी, नमस्कार. मुक्तिसंग्राम दिनाला निजामाबद्दल बोलायचं, असा आपला रिवाज. ते काम आधीच्या वक्त्यांनी चोख केलंय. मी घरातलं भांडण सांगतो.

थोरल्या भावाचा मुलगा लातूरला क्लाससाठी वसतिगृहात राहतो. माझा मुलगा इथं जर्मनीत. दोघं समोरासमोर भेटतात दोन-तीन वर्षांतून एकदा, ऑनलाइन खेळात मात्र रोज. इथं सातला हा हेडसेट चढवतो, तिथं साडेदहाला तो मोबाईल उघडतो. मला बरंच वाटायचं. भावकी टिकली. (भावकी म्हटल्यावर बांधाचं भांडणही आलंच, हे मी विसरलो होतो.)

मागच्या महिन्यात माझ्या पोरानं अदलाबदलीच्या बहाण्यानं पुतण्याची तलवार लाटली आणि तिसऱ्यालाच देऊन टाकली. वर सवंगड्यांपुढं त्याला गावंढळ म्हणाला. मी झापलं, तर उत्तर तयार: "बाबा, ती खरी थोडीच होती?"

पुतण्याला फोन केला. "काका, असू द्या की. पप्पांनी सोयाबीन आडतीला घातल्यावर पैसे दिलते, त्यातनं निघाली होती."

'निघाली', कारण ती सरळ विकत मिळत नाही. पैसे देऊन पेट्या उघडायच्या, नशिबात असेल ते निघतं. जत्रेतलं सोरटच! बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं. भारतानं २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. ठीकच. पण भावाला फसवून चारचौघांत हिणवणं कुठल्या कलमात बसवायचं?

१९९३ मध्ये लॅम्डामू नावाच्या आभासी जगात चित्रंसुद्धा नव्हती, नुसता मजकूर. तिथं एकानं इतरांच्या पात्रांवर अत्याचार लिहून दाखवले. त्यातली एक बाई पुढं म्हणाली, त्याबद्दल लिहिताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अंगाला कुणी बोटही लावलं नव्हतं. आता तर चष्मा डोळ्यांवर आणि आवाज थेट कानात.

हे सगळं मी पोराला सांगितलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सॉरी फोनवर म्हणू?"

"अपमान कुठं केलास?"

"खेळात."

"मग तिथंच म्हण. तेच सवंगडी असताना."

पण चार दिवस झाले, पुतण्या खेळात आलेला नाही. वसतिगृहात चाचण्या चालू आहेत, मोबाईल जमा. पोरगा रोज साडेसहालाच हेडसेट लावून बसतोय. एरवी मी ओरडून उठवतो. सध्या उठवत नाही.