फुकटात आलेले कॅमेरे: ओकलंडची गोष्ट

हे ओकलंड. कॅलिफोर्नियातलं बंदराचं शहर, खाडीच्या पलीकडे सॅन फ्रान्सिस्को. गोळीबार, घरफोड्या, गाड्यांच्या काचा फोडणं, इथे वर्षानुवर्षं चालूच आहे, त्यामुळे मदत कुठूनही आली तरी ती घ्यावी असं लोकांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

आणि मदत आलीच. 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारने बंदरांच्या सुरक्षेसाठी ग्रँट द्यायला सुरुवात केली, त्या पैशातून ओकलंडने एक कंट्रोल रूम उभारायला घेतली, डोमेन अवेअरनेस सेंटर. सुरुवातीला विषय फक्त बंदराचा. मग प्लॅन फुगत गेला, शहरातले ट्रॅफिक कॅमेरे त्यात आले, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आले, गोळीचा आवाज टिपणारे माईक आले, म्हणजे अख्खं शहर एका खोलीत बसून दिसणार. जुलै 2013 मध्ये सिटी कौन्सिलने पुढच्या टप्प्यासाठी 20 लाख डॉलर घ्यायला मंजुरी दिली.

आता तो माईकचा प्रकार जरा बघूया, कारण ग्रँटच्या पैशातून बऱ्याच शहरांनी तो घेतलाय. इमारतींच्या गच्चीवर, दिव्यांच्या खांबावर सेन्सर बसवतात. धाड असा आवाज झाला की तो जवळच्या सेन्सरला आधी ऐकू येतो, लांबच्याला किंचित उशिरा, आणि त्या सेकंदाच्या तुकड्यांच्या फरकावरून कॉम्प्युटर जागा काढतो. मग कंपनीचा माणूस हेडफोन लावून तो आवाज ऐकतो, गोळी की फटाका ते ठरवतो, आणि साधारण मिनिटभरात पोलिसांच्या फोनवर अलर्ट. कुणी फोन केला नाही तरी पोलीस पोचतात, आणि जखमी माणूस रस्त्यावर पडलेला असेल तर ते मिनिट खूप मोलाचं असतं, हे मान्य करायलाच हवं.

पण शिकागोत काय झालं तेही बघा. 2018 मध्ये शहराने याच यंत्रणेसाठी 3 कोटी 30 लाख डॉलरचा करार केला. 2021 मध्ये शहराच्याच इन्स्पेक्टर जनरलच्या, म्हणजे कारभाराची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या ऑफिसने 50 हजारांहून जास्त अलर्ट तपासले, तर बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा सापडला फक्त 9 टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या वेळी गोळी झाडलीच नव्हती असं नाही म्हणता येणार, झाडणारा पळाला असेल, पुंगळ्या सापडल्या नसतील. पण पोलीस मात्र दरवेळी गोळीबार झालाय असं धरूनच त्या गल्लीत शिरतात, आणि समोर जो दिसेल त्याच्याकडे त्याच नजरेने बघतात, हे मला जास्त काळजीचं वाटतं. सप्टेंबर 2024 मध्ये शिकागोने ती यंत्रणा बंद केली.

परत ओकलंडला येऊ. त्याच 2013 च्या उन्हाळ्यात अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने सरकारी पाळतीची कागदपत्रं बाहेर काढली होती, लोक आधीच खवळलेले, त्यात हे सेंटर! मग कौन्सिलच्या बैठकांना गर्दी व्हायला लागली, लोक उभं राहून विचारायला लागले की फुटेज किती दिवस ठेवणार, कोण बघणार, मोर्च्यावर वापरणार का, आणि ग्रँट संपली की दरवर्षीचा खर्च कुणाच्या खिशातून? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ग्रँट यंत्र आणून देते, ते पुढे वर्षानुवर्षं चालवायचं शहराला असतं, आणि पैसे बाहेरून आलेत म्हटल्यावर बजेटमध्ये जी घासाघीस होते ती इथे होतच नाही.

मार्च 2014 मध्ये कौन्सिलने सेंटर फक्त बंदरापुरतं ठेवायचं ठरवलं. लोक तिथेच थांबले नाहीत. नागरिकांचा प्रायव्हसी आयोग कायमचा उभा राहिला, आणि 2018 मध्ये कायदा झाला. आता पाळतीच्या कुठल्याही यंत्रासाठी ग्रँटचा अर्ज करायच्या आधीच आयोगाला कळवावं लागतं, पैसे घेण्याआधी कौन्सिलने जाहीर बैठकीत मंजुरी द्यावी लागते. आणि यंत्र सुरू झालं की दरवर्षी रिपोर्ट, कसं वापरलं, डेटा कुणाला दिला, तक्रारी काय आल्या, गुन्हे रोखायला उपयोग झाला का, खर्च किती, आणि पुढच्या वर्षीचे पैसे कुठून येणार.