शहरांची साक्ष : मराठवाड्याच्या वाचकासाठी काही पुस्तके

(दृश्य : लातूरची गंजगोलाई, सकाळी दुकाने उघडण्याची वेळ.)

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ साली उभी राहिलेली दुमजली गोलाकार इमारत, मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आणि तेथून निघणाऱ्या रस्त्यांवर सराफ्यापासून चपलांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंतचे वेगवेगळे बाजार, अशी ही रचना शंभर वर्षांनंतरही शहराला धरून आहे. रोज येथून जाणाऱ्या माणसाला हा चौक तोंडपाठ असतो. मात्र हे शहर असेच का घडले, त्याचा व्यापार कोणाच्या पाठीवरून चालतो, त्यात कोणाला घर मिळाले आणि कोणाला वेशीबाहेर थांबावे लागले, हे प्रश्न पडण्यासाठी ज्यांनी ते चिकाटीने विचारले त्यांची पुस्तके हाताशी असावी लागतात.

मराठवाड्याचा वाचक कथा, कविता आणि कादंबरीवर मनापासून प्रेम करतो. शहर आणि समाज यांवरील गद्य मात्र आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या टेबलापुरते किंवा ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातील कपाटापुरते राहिले आहे. ती पुस्तके घरात यावीत, या इच्छेतून हा लघुपट केला आहे.

(दृश्य : तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय, त्यानंतर पैठणचा गोदाकाठ.)

आपला प्रदेश शहरांच्या बाबतीत नवखा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांची दक्षिणेतील प्रमुख बाजारपेठा म्हणून नोंद आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेला तेर दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे त्यात सांगितले आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून बंदराकडे जात असे. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा त्याने तेथील गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या बाजाराचे वर्णन केले आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या द्राक्षांची व डाळिंबांचीही दखल घेतली. एकाची नजर मालावर होती, दुसऱ्याची नवलावर.

वस्तीत राहणाऱ्या माणसांच्या आठवणींवर उभे राहिलेले लेखन आपल्याला तेराव्या शतकाच्या अखेरीस भेटते. म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्य ग्रंथ आहे, हे आपण शाळेत पाठ करतो आणि तेथेच थांबतो. हा ग्रंथ ज्यांच्या आठवणींचा आहे, त्या महानुभाव पंथाच्या प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामींचा बराच काळ पैठण आणि गोदाकाठच्या परिसरात गेला. त्यामुळे या ग्रंथात देवळे, मठ, बाजार, घाट आणि त्यांत वावरणारी माणसे जागोजागी येतात. गुराखी, चांभार, चोर, पंडित, एकाकी विधवा, अशी ज्यांना त्या काळच्या शिलालेखांत सहसा जागा नव्हती तीही येतात. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे हा ग्रंथ तयार करण्याची पद्धत. ज्यांनी प्रसंग पाहिले होते आणि ज्यांनी बोलणे ऐकले होते, अशा माणसांकडे जाऊन म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या, त्या स्वामींचे शिष्य व पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतल्या, आणि एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर वेगळी आठवण कोणाची, याचीही नोंद परंपरेने पोथीत ठेवली. साक्षीदाराचे नाव राखून ठेवण्याची ही प्रामाणिक रीत आजच्या कोणत्याही समाजशास्त्रज्ञाला मान्य व्हावी अशी आहे. याच परंपरेतील ‘स्थानपोथी’ तर केवळ जागांविषयी आहे. स्वामी जेथे जेथे राहिले किंवा थांबले त्या जागा, तेथील देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, त्याच्या कोणत्या कोनाला मठ, कोणत्या अंगाला ओटा, अशा तपशिलाने हे लेखन भरलेले आहे. ते भक्तांसाठी लिहिले गेले. परंतु यादवकालीन गावांची ठेवण समजून घेऊ पाहणाऱ्याला त्याच्याइतका जवळचा वाटाड्या मिळणे कठीण आहे.

(दृश्य : जुन्या ग्रंथाची मुखपृष्ठे.)

आधुनिक अर्थाने मराठीत एका शहराचे समग्र वर्णन करणारे पुस्तक १८६३ साली आले. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ वाचताना गिरण्या, आगगाडी, धर्मशाळा, जातीजमाती, धंदे आणि बाजार यांनी गजबजलेली मुंबई समोर उभी राहते, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आलेल्या काळात ते लिहिले गेले असल्याने पैशाने शहर कसे फुगते याचाही अंदाज येतो. पाठोपाठ १८६८ मध्ये ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. औरंगाबाद, नांदेड किंवा जालना यांच्या वाट्याला त्या काळात मराठीतून असे पुस्तक आले नाही. निजामाच्या राज्यात दरबाराची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू होती, मराठी शिक्षणाची कोंडी झालेली होती आणि छापखाने थोडे होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हे राज्य भारतात विलीन होईपर्यंतची ती घुसमट समजून घ्यायची असेल, तर अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे पुस्तक वाचावे. आपल्या गावांचा इतिहास कागदावर उशिरा का उतरला, याचे उत्तर त्यात सापडते.

(दृश्य : छत्रपती संभाजीनगर, गुलमंडी, त्यानंतर सिडको.)

परदेशी पुस्तकांपैकी एका पुस्तकापाशी आम्हाला जास्त वेळ थांबावेसे वाटते. जेन जेकब्ज या पत्रकार होत्या, नगररचनेची पदवी त्यांच्याकडे नव्हती. न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या रस्त्याचे बारकाईने निरीक्षण करून त्यांनी १९६१ साली ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ लिहिले. जुन्या वस्त्या पाडून मोकळ्या मैदानांत उंच इमारती बांधल्या की शहर सुधारते, या तेव्हाच्या ठाम समजुतीला त्यांनी आव्हान दिले. रस्ता सुरक्षित ठेवण्यात पोलिसांपेक्षाही दुकानदार, खिडकीत बसलेली म्हातारी माणसे आणि येणारे-जाणारे यांच्या लक्षाचा वाटा मोठा असतो. राहणे, व्यापार आणि काम एकाच भागात मिसळलेले असले, गल्ल्या आखूड असल्या, जुनी व नवी घरे शेजारी असली आणि वस्ती पुरेशी दाट असली, की तो भाग दिवसभर जागता राहतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

हे पुस्तक वाचून छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजारपेठेत, गुलमंडीत, उभे राहिले, की खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेली घरे, ओट्यावर टेकलेले गिऱ्हाईक, गल्लीत शिरणाऱ्या अनोळखी माणसाकडे वळणाऱ्या नजरा, हे सारे नव्याने दिसू लागते. १९७०च्या दशकापासून सिडको या राज्य सरकारच्या नगरविकास महामंडळाने याच शहरात एन-१ ते एन-१३ अशा आखीव वस्त्या वसवल्या. रुंद रस्ते, उद्याने आणि निम्न व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणारी घरे ही त्या योजनेची खरी कमाई आहे, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. शिवाय जेकब्ज यांचा ‘शेजार’ आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही, कारण आपल्या जुन्या गल्ल्यांत लक्ष ठेवणारी नजर जातही विचारत असते. येथे अमेरिकन पुस्तक अपुरे पडते आणि आपल्या मातीतील लेखकांकडे वळावे लागते.

(दृश्य : नागसेनवन परिसर, मिलिंद महाविद्यालय.)

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारतीय खेड्याविषयीचा भाबडा गौरव स्पष्ट शब्दांत नाकारला. खेडे म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान यांचे आगर आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या मुलांसाठी शहर हे प्रथमच माणूस म्हणून उभे राहण्याचे ठिकाण ठरले. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ हे १९७९ मध्ये आलेले आत्मकथन त्याच वाटेवरचे आहे. भूक, पोरकेपण, दुसऱ्याच्या दारातले शिळे अन्न आणि या सर्वांतून शाळेकडे सरकत राहणारा मुलगा, हे त्यांनी आपल्या भागातील बोलीत, आवाज न चढवता सांगितले आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ मध्ये, दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. त्यात गावचा महारवाडा आणि मुंबईतील कावाखाना ही वस्ती अशी दोन टोके आहेत. त्याच वर्षी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात संमत झाल्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. ही पुस्तके त्या काळाशेजारी ठेवून वाचली, तर शहराकडे धावणारा माणूस केवळ रोजगारासाठी धावत नाही, हे कळते.

श्रमाचे शहर पाहायचे असेल, तर अनिल अवचट यांचे ‘माणसं’ आहे. हमाल, विडी कामगार आणि रस्त्याकडेला संसार मांडणारे भटके यांच्याजवळ बसून त्यांनी लिहिले. फ्रेडरिक एंगल्स यांनी १८४५ साली मँचेस्टरच्या कामगार वस्त्यांवर लिहिलेले पुस्तकही याच रांगेतले. मोठ्या रस्त्यांवरील दुकानांच्या रांगा मागची गलिच्छ वस्ती श्रीमंतांच्या नजरेआड कशी ठेवतात, हे त्यांचे निरीक्षण आजही आपल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी पडताळून पाहता येते.

(दृश्य : लातूर रेल्वे स्थानक, २०१६ची छायाचित्रे.)

पी. साईनाथ यांचे ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ हे १९९६ मधील इंग्रजी पुस्तकाचे मराठी रूप. विषय ग्रामीण असला, तरी टंचाई ही पावसाइतकीच सत्तेची आणि वाटपाची गोष्ट असते, हे त्यातले सूत्र आपल्या शहरांना नेमके लागू पडते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणे होऊ नयेत, म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. त्या उन्हाळ्यात नळाला पाणी नसताना टँकर कोणत्या गल्लीत आधी गेला, घागरींच्या रांगेत कोणी रात्री काढल्या, कोणाची शाळा बुडाली, याची साक्ष लातूरच्या घराघरांत आहे.

ती लिहून घेण्याचा नमुनाही उपलब्ध आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मुलाखती घेऊन ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ हे पुस्तक सिद्ध केले. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्या संपाची हकीकत, चाळीतील खाणावळी, भजनी मंडळे, शाहिरी आणि मोर्चे, हे सारे त्यात माणसांच्या स्वतःच्या बोलण्यातून येते. म्हाइंभटांच्या रीतीचेच हे पुढचे रूप आहे, असे आम्हाला वाटते.

(दृश्य : जालन्याची औद्योगिक वसाहत, वाळूज.)

‘जालना सोने का पालना’ असे म्हणतात, पण कापसाच्या जिनिंगपासून बियाणे आणि लोखंडाच्या सळयांपर्यंत आलेल्या या शहरातील कामगाराच्या शब्दांतले पुस्तक आमच्या पाहण्यात आलेले नाही. लातूरच्या शिकवणी वर्गांभोवती वाढलेली खानावळी आणि खोल्यांची वस्ती, बीडहून दसरा-दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडाकडे निघणाऱ्या कोयत्यांमुळे, म्हणजे ऊसतोड जोडप्यांमुळे, ओस पडणारे तांडे, हेही विषय पुस्तकाची वाट पाहत आहेत. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला. त्या सुमारास शेत सोडून यंत्रावर उभी राहिलेली पिढी आता साठीत आली आहे. तिची मुलाखत घेण्यासाठी वही, ध्वनिमुद्रणाची सोय असलेला मोबाइल आणि दुपारचा निवांत वेळ इतकी सामग्री पुरेशी आहे. विचारणारा मात्र त्याच गल्लीतला असला, तर माणसे जास्त बोलतील.