कोपऱ्यावरची खडी

श्रोतेहो, नमस्कार.

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या फाट्यावर एक दृश्य रोज दिसतं. कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, त्याच्यामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या बाहेर लोंबणारा ऊस. फाट्यावर ट्रॅक्टर डावीकडे वळतो तो ऐसपैस वळसा घेऊन. पहिली ट्रॉली त्याच्यापेक्षा थोडी आतून येते. दुसरी आणखी आतून, पार साइडपट्टी घासत. ड्रायव्हरची नजर पुढे, स्पीकरवर गाणं जोरात. आणि त्या शेवटच्या ट्रॉलीच्या चाकाला नि रस्त्याच्या कडेला मिळून जी बोळकंडी उरते, तिच्यात असतो सायकलवाला. हँडलला दुधाच्या किटल्या. आत शिरला तेव्हा तिथे बैलगाडी जाईल एवढी जागा होती. ट्रॅक्टर वळता वळता ती मिटत गेली.

अशा वेळी लोक काय म्हणतात, ते तुम्हालाही पाठ असेल. ‘त्याला दिसलं नाही का?’ ‘मध्ये कशाला घातली सायकल?’ मध्ये घातलीच नव्हती हो. शाळेत शिकवलं तसा तो बिचारा डाव्या कडेनं सरळ चालला होता.

हे मी एवढ्या खात्रीनं सांगतोय, कारण तो फाटा मी आखलाय. बत्तीस वर्षं रस्त्याच्या कामावर ओव्हरसिअर होतो. कोपरा आखायची आमची पद्धत साधी. एक खुंटी ठोकायची, तिला दोरी बांधायची, नकाशात त्रिज्या लिहिली असेल तेवढी दोरी सोडायची आणि दुसऱ्या टोकानं चुन्याची फक्की टाकत गोल फिरायचं. झालं वळण. त्या फाट्यावर दोरी वीस मीटर सोडली होती. गाडीला ब्रेक लावावा लागू नये, म्हणजे वळण चांगलं, असं आम्हाला वाटायचं. साहेबांनाही तेच वाटायचं. मोटारवाल्यांना तर वाटायचंच.

आता त्या दोरीचा हिशेब बघा. वळणाची त्रिज्या चौपट केली की त्या वळणावरून निभणारा वेग दुप्पट होतो. पाच मीटरच्या कोपऱ्यावर मोटारवाला आपसूक पंधराएकच्या वेगावर येतो, नाहीतर गाडीतली माणसं एकमेकांवर पडतील. वीस मीटरच्या कोपऱ्यावरून तीसच्या आसपास सहज जातो, आणि त्याला आपण हळूच चाललोय असं वाटत असतं. ‘वाहने सावकाश हाका’ हा बोर्ड मी स्वतः उभा केला होता. पण बोर्ड सांगत होता एक आणि डांबर दुसरंच. ड्रायव्हर डांबराचं ऐकतो.

वेग थोडा वाढला तर काय मोठंसं बिघडतं, असं कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की सरासरी वेग एक टक्क्यानं वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांत साडेचार हजारांवर सायकलवाले होते.

एक गोष्ट मला निवृत्तीनंतर दिसली. हातात टेप असताना दिसली नव्हती. कुठल्याही मोठ्या कोपऱ्यावर खाली बघा. आतल्या बाजूला एक चंद्रकोर असते, तिथे बारीक खडी, माती, गुटख्याच्या पुड्या साचलेल्या. का साचतात? तिथून चाकंच जात नाहीत म्हणून. म्हणजे एवढा रस्ता आपण फुकट दिला, कुणी मागितला नसताना. आणि त्याच खडीत सायकलवाल्याला ढकललं. घसरायला याहून चांगली जागा सापडायची नाही.

मग ट्रॉल्यांनी वळायचं कसं? रास्त प्रश्न आहे. कोपरा आवळला तर मागचं चाक वर चढणार. त्याला उपाय आहे. मोटारीसाठी कोपरा आवळायचा आणि आतल्या बाजूला खडबडीत दगडी पट्टा ठेवायचा, थोडासा उचललेला. ट्रॉलीचं चाक त्यावरून हळूहळू चढून जातं. मोटारवाला गाडी खडखडेल म्हणून त्याच्या वाटेला जात नाही. सायकलची वाट त्या पट्ट्याच्याही पलीकडून.

ही कल्पना माझी नव्हे. नेदरलँड्समध्ये असे कोपरे गावोगाव आहेत. तो देश पहिल्यापासून सायकलवाल्यांचा कैवारी होता, असंही कुणी समजू नये. १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांवर माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३ साली तेलाची टंचाई आली आणि सरकारला रस्त्यांकडे नव्यानं बघावं लागलं. त्यांच्या चौकातली एक खुबी मला फार आवडते. मोटार ज्या रस्त्यात वळते तो रस्ता सायकलची वाट ओलांडते ती ऐन कोपऱ्यावर नाही, तर एका मोटारीच्या लांबीएवढी, पाचएक मीटर आत सरकून. तोवर मोटार पुरती वळलेली असते. ड्रायव्हरला सायकलवाला आरशात शोधावा लागत नाही, समोरच्या काचेतून दिसतो. मध्ये एक मोटार थांबेल एवढी जागा असते, म्हणून मागचा हॉर्नही वाजवत नाही. हे शेवटचं मात्र आपल्याकडे जमेलच असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे पुस्तकं नाहीत असं नाही. सायकल ट्रॅक कसे आखावेत याचं पुस्तक इंडियन रोड्स काँग्रेसनं १९६२ साली काढलं, २०१५ मध्ये सुधारून पुन्हा काढलं. एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यानं २०१७ मध्ये अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. पण ट्रॅकची गंमत अशी असते, की चौकांच्या मधल्या सरळ रस्त्यावर तो छान असतो, पेव्हर ब्लॉक, रंग, सायकलचं चित्र, सगळं. चौक आला की ट्रॅक गायब. जिथे सायकलवाल्याला सोबत हवी, नेमकं तिथेच ‘आता तुझं तू बघ’. वर फ्री लेफ्ट ठेवलेला असतो, डावीकडे वळणाऱ्यानं सिग्नलला थांबायचंच नाही, म्हणजे ज्याला सरळ जायचंय त्यानं न थांबणाऱ्या गाड्यांची रांग कापून पलीकडे जायचं.

चेंबरच्या जाळीचं एका वाक्यात सांगतो: जाळीचे गज रस्त्याला आडवे हवेत, उभे बसवले की चाक आत गेलंच.

आता पुन्हा फाट्याकडे येतो. मानव विकास योजनेतून आमच्या भागातल्या मुलींना सायकली मिळाल्या. चांगली योजना, मुली शाळेत टिकल्या. पुढे रस्ता चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला. शाळा समोर दिसते, पण दुभाजकातली फट पाऊण किलोमीटर पुढे. म्हणजे पुढे जाऊन वळून मागे यायचं, दीड किलोमीटर. मुली काय करतात? कडेकडेनं उलट्या बाजूनं येतात. त्यांना शिस्त नाही म्हणून लोक ओरडतात. दप्तर पाठीवर घेऊन एकदा ते दीड किलोमीटर उन्हातून मारून बघावेत, मग ओरडावं.

गेल्या वर्षी फाट्यावर पाइपलाइनचं काम निघालं. ठेकेदारानं आतल्या कोपऱ्यावर, त्या खडीच्या चंद्रकोरीवरच, सिमेंटचे ठोकळे मांडले. पाच-सहा आठवडे होते. कुणाचा काही विचार नव्हता, ठेवायला जागा हवी होती एवढंच. पण तेवढे दिवस मोटारी फाट्यावर खरंच हळू व्हायच्या, ट्रॅक्टरवाले मान वळवून मागे बघायचे, आणि ठोकळ्यांच्या आतून दूधवाले, पोरी निवांत जायच्या. मी संध्याकाळी जाऊन पुलाच्या कठड्यावर बसायचो, बघत.

काम संपलं. क्रेन आली, ठोकळे उचलले. महिनाभरात तिथे पुन्हा खडी साचली.

नमस्कार.