पायाखालचं बीड

पावसाची सर नुकतीच गेलीय. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ओल्या रस्त्यावर मोटरसायकलचं चाक लोखंडी झाकणावरून गेलं, पण घसरलं नाही. वाकून बघा. हे उंचसखल चौकोन शोभेसाठी नाहीत, टायरला पकड मिळावी म्हणून आहेत.

मॅनहोल हा टेंडरातला शब्द. आपल्याकडे हे चेंबरचं झाकण. काहींवर 'एचडी २०' असं उठवलेलं असतं: हेवी ड्यूटी, २० टन. आयएस १७२६ या भारतीय मानकात अडीच, १०, २० आणि ३५ टन असे चार दर्जे आहेत. आपल्या झाकणांवर वाचण्यासारखं बहुधा एवढंच.

जपानात मात्र झाकणं बघायला लोक गावं पालथी घालतात. १९८० च्या दशकात तिथले अधिकारी यासुताके कामेदा यांनी एक कल्पना मांडली. गटारयोजनेला पैसा लोकांचा लागतो आणि काम गाडलं जातं जमिनीखाली. मग वर दिसतं तेवढं तरी गावानं आपल्या चित्रानं सजवावं. नारा शहरानं हरणं घेतली, ओसाकानं किल्ला आणि चेरीची फुलं. २०१६ पासून या झाकणांची कार्डंही निघाली. मिळतात फुकट, पण त्या गावी स्वतः जाऊनच घ्यायची!

रंग ओतकामात येत नाही. झाकण तयार झाल्यावर खाचांमध्ये रंगीत रेझिन भरतात.

बाकी सगळं कोल्हापूरच्या फाउंड्रीला पाठ आहे. पॅटर्न, म्हणजे झाकणाचा नमुना, वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा, पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. खुबी उचलण्यात आहे. हरणाच्या शिंगाची रेघ सरळ काठाची ठेवली तर वाळू तुटते, काठाला थोडा उतार द्यावाच लागतो. एकदा पॅटर्न जमला की त्यावर झाकणांमागून झाकणं निघतात. चित्राचा खर्च तेवढा एकदाच.

घोडं अडतं भंगारवाल्यापाशी. बिडाला भाव आहे, झाकण रातोरात उचललं जातं. म्हणून बऱ्याच ठिकाणी आता पोलादी तंतू घातलेलं काँक्रीटचं झाकण बसतं. त्यात शिंगाची रेघ कुठली उठायला?

आणि समजा बिडाचंच बसवलं, तर चित्र कशाचं? अंबाबाईचा किरणोत्सव डोळ्यांसमोर येतो खरा, पण तो पायाखाली कोण घालणार? महाराजांचं तर नावच नको. रंकाळ्यातला संध्यामठ चालेल. पन्हाळ्याचा तीन दरवाजा चालेल.

नाहीतर सरळ पायताण काढावं. त्यावर पाय पडला म्हणून कोण भांडायला येतंय?